नाक बाजूला, डोळे समोर: चित्रं अशी का दिसायला लागली?

2025 च्या मार्चमध्ये एम. एफ. हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 118 कोटी रुपयांना गेलं. सहा महिन्यांनी दिल्लीत वासुदेव गायतोंडे यांच्या 1970 सालच्या एका कॅनव्हासला 67 कोटींच्या वर किंमत आली. बातम्यांबरोबर फोटो होते आणि फोटोंखाली नेहमीच्या प्रतिक्रिया. हुसेन यांच्या चित्रात निदान खेड्यातली माणसं ओळखू येतात. गायतोंडे यांच्या कॅनव्हासवर ओळखू येईल असं काहीच नाही. मग ‘यात आहे काय?’ असं लोकांनी विचारलं तर त्यात त्यांचं चुकलं कुठे?

या प्रश्नाला ‘तुम्हाला कलेतलं कळत नाही’ हे उत्तर होऊ शकत नाही. चित्रात ओळखीचं काहीतरी असलंच पाहिजे, ही अट शेकडो वर्षं होती. ती कधी आणि का गळून पडली हे समजलं, की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. ती गळाली युरोपात, आणि बरीचशी 1905 ते 1917 या बारा वर्षांत. त्याचं मुख्य केंद्र होतं पॅरिस.

आधी चित्रकाराचं काम काय होतं?

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये चित्रकार म्हणून पोट भरायचं तर एकच मोठा दरवाजा होता. त्याला ‘सलोन’ म्हणत: सरकारी छत्राखाली भरणारं भलंमोठं प्रदर्शन. कोणती चित्रं लागणार ते परीक्षक ठरवायचे. चित्र लागलं, त्यातून पदक मिळालं, तर गिऱ्हाईक यायचं, सरकारी कामं यायची. नाकारलं गेलं तर ते गुंडाळून घरी न्यायचं. परीक्षकांना काय रुचतं हे सगळ्यांना पाठ होतं. पुराणातला किंवा इतिहासातला प्रसंग हवा, रंग गुळगुळीत हवेत, कुंचल्याचे फटकारे दिसता कामा नयेत. आणि यथार्थदर्शन अचूक हवं, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान काढून सपाट कापडावर खोलीचा भास निर्माण करता यायला हवा.

1863 मध्ये इतकी चित्रं नाकारली गेली की ओरड सम्राट तिसऱ्या नेपोलियनपर्यंत पोचली. नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवा आणि लोकांनाच ठरवू द्या, असा त्यानं हुकूम काढला. लोक हसायला म्हणून गेले, पण गेले. परीक्षकांच्या शिक्क्याशिवायही चित्र लोकांपर्यंत पोचू शकतं, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

पुढचा बदल कॅमेऱ्यामुळे झाला असं सहसा सांगितलं जातं. 1839 मध्ये फोटोग्राफी जाहीर झाली, हुबेहूब चेहरा काढायचं चित्रकाराचं काम गेलं, म्हणून त्यानं वेडंवाकडं काढायला सुरुवात केली, अशी ही गोष्ट. तिच्यात तथ्य आहे, पण तेवढ्यानं भागत नाही. कॅमेरा आल्यावरही पुढची साठ वर्षं हुबेहूब काढणाऱ्यांचं उत्तम चाललं होतं. 1841 मध्ये रंगाच्या कथलाच्या ट्यूबचं पेटंट झालं. त्यामुळे घरात रंग कालवत बसण्याऐवजी चित्रकाराला सामान घेऊन उघड्यावर जाता आलं. हेही खरं आहे. तरी माझ्या मते निर्णायक ठरली ती भिंत. चित्र कुठे लागणार हे कोण ठरवतं, यावर सगळं अवलंबून होतं.

1874 मध्ये मोने, रेनुआर, देगा आणि त्यांच्या मित्रांनी सलोनला वळसा घालून स्वतःचं प्रदर्शन भरवलं. जागा होती नादार या छायाचित्रकाराचा जुना स्टुडिओ. 1884 मध्ये ना परीक्षक ना बक्षीस असं एक खुलं वार्षिक प्रदर्शन सुरू झालं. 1903 मध्ये शरद ऋतूत भरणारं आणखी एक आलं, त्याला मात्र परीक्षक होते. त्याचबरोबर शहरात छोटे खासगी विक्रेते दुकानं थाटू लागले. हे विक्रेते तरुण चित्रकारांची कामं स्वस्तात उचलून साठवायचे आणि त्यांचे दिवस येण्याची वाट पाहायचे. परीक्षकांना खूश करण्याची गरज संपली. आता दोन-चार हौशी गिऱ्हाइकं पटली की पुरत होती.

1905: चेहऱ्यावर हिरवा पट्टा

त्या शरद प्रदर्शनाच्या एका दालनात 1905 मध्ये आंरी मातीसचं ‘टोपीवाली बाई’ हे चित्र लागलं. त्यासाठी त्याची बायको आमेली बसली होती. मोठी टोपी, हातमोजे आणि खांद्यावरून मागे वळून पाहण्याची ऐट, इथपर्यंत हे नेहमीचं व्यक्तिचित्र आहे. पण चेहऱ्यावर हिरवा, पिवळा, गुलाबी असे उघडे रंग आहेत. कपाळावरून नाकावर उतरणारी हिरवी छटा आहे. मागची भिंतही ठिगळं लावावीत तशी रंगवलेली आहे. बाईंनी कपडे खरोखर कोणत्या रंगाचे घातले होते असं कुणी विचारलं तेव्हा मातीस ‘काळे’ म्हणाला, असं सांगतात.

मातीसची अडचण समजून घेण्यासारखी आहे. छाया दाखवायला शाळेत तपकिरी किंवा काळा मिसळायला शिकवतात. त्यानं छाया दिसते, पण रंग मरतो. छाया काळी करण्याऐवजी शेजारच्या रंगाला भिडणारा दुसरा रंग ठेवला तर? हिरवा आणि लाल जवळ आले की दोन्ही भडकतात. त्या चेहऱ्यातली नाकाची बाजू हिरवी आहे म्हणूनच गाल उजळ दिसतो. रंगाचं काम वस्तूसारखं दिसणं आहे की चित्र जिवंत ठेवणं आहे, यातलं मातीसनं दुसरं निवडलं.

लुई वोक्सेल या समीक्षकानं त्या दालनातल्या चित्रकारांना ‘जंगली जनावरं’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. त्याआधी मोने-रेनुआर मंडळींचं ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नावही टिंगलीतूनच आलं होतं. चित्र मात्र विकलं गेलं. पॅरिसमध्ये राहणाऱ्या स्टाइन या अमेरिकी कुटुंबानं ते 500 फ्रँकला घेतलं आणि आपल्या बैठकीत टांगलं. तिथे शनिवारी संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींत एक ठेंगणा स्पॅनिश तरुणही असायचा.

एकाच वेळी सगळीकडून

पाब्लो पिकासो तेव्हा पंचविशीत होता. 1907 मध्ये त्यानं सुमारे आठ फूट उंच कॅनव्हासवर पाच विवस्त्र स्त्रिया काढल्या. आज ते चित्र ‘आव्हिन्याँच्या तरुणी’ म्हणून ओळखलं जातं. नाव बार्सिलोनातल्या एका रस्त्यावरून आलं आहे आणि त्या वेश्यावस्तीतल्या बायका आहेत. उजवीकडच्या दोघींचे चेहरे आफ्रिकी मुखवट्यांसारखे आहेत. खाली बसलेली पाठमोरी आहे, तरी तिचा चेहरा आपल्याकडे आहे. मधल्या दोघींचे डोळे समोर पाहतात आणि नाक मात्र बाजूनं काढलेलं आहे. पायाशी कलिंगडाची फोड आहे, तीही धारदार. चित्र पाहून मित्र हादरले. पुढची नऊ वर्षं ते लोकांपुढे लागलंच नाही.

घाईत केलेला हा विक्षिप्तपणा नव्हता. या एका चित्रासाठी त्यानं वह्यांमागून वह्या भरून शेकडो रेखाटनं केली होती. त्याच सुमारास सेझान या फ्रेंच चित्रकाराच्या मृत्यूनंतरचं मोठं प्रदर्शन पॅरिसमध्ये भरलं. सेझाननं वस्तुचित्रांत टेबलाची कड सरळ न ठेवता तुटक ठेवली होती. फळं एका उंचीवरून तर सुरई दुसऱ्या उंचीवरून पाहिल्यासारखी काढली होती. माणूस डोळा एका जागी रोवून जग बघत नाही, हे त्यानं चित्रात आणलं. पिकासो आणि त्याचा नवा दोस्त जॉर्ज ब्राक यांनी हे सूत्र पकडलं आणि टोकाला नेलं.

इथे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांनी वस्तुचित्राचा पेपर आठवावा. मध्ये स्टुलावर तांब्या, दोन फळं, मागे कापड, आणि भोवती बोर्ड घेऊन बसलेली मुलं. ज्याला जी जागा मिळाली तिथूनच काढायचं. तुमच्या जागेवरून तांब्याचं तोंड चपट्या लंबगोलासारखं दिसतं, म्हणून तसंच काढायचं. तोंड गोल आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं, पण पलीकडे जाऊन डोकावलात तर सर ओरडणार. यथार्थदर्शन म्हणजे हाच नियम: एक जागा, एक डोळा, एक क्षण. पिकासो आणि ब्राक यांनी जागा सोडली. वरून दिसणारं गोल तोंड, समोरून दिसणारा फुगीर पोटाचा भाग आणि बाजूनं दिसणारी कड, असं सगळं त्यांनी एकाच कागदावर उतरवलं. नाक बाजूनं आणि डोळे समोरून येतात ते यामुळे.

ब्राकनं 1908 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या लेस्ताक गावाची चित्रं काढली. त्यांत घरं खिडक्यादारांशिवायच्या ठोकळ्यांसारखी आहेत. शरद प्रदर्शनानं ती नाकारली. डानिएल-आंरी कानवाइलर या तरुण जर्मन विक्रेत्यानं आपल्या छोट्या दुकानात ती लावली. वोक्सेलसाहेब तिथेही पोचले आणि सगळं ‘घनां’मध्ये बसवलंय असं लिहून आले. त्यातून ‘क्यूबिझम’ हे नाव रुळलं. मराठीत आपण घनवाद म्हणतो.

तांब्याचं उदाहरण सोयीचं असलं तरी 1911 च्या चित्रांपुढे ते तोकडं पडतं. तोवर दोघांनी वस्तू इतकी फोडली होती की करड्या-तपकिरी पापुद्र्यांतून गिटारची एक तार, पेल्याची एक कड, मिशीचं एक टोक एवढंच हाती लागतं. कोणतं चित्र कोणाचं हे ओळखणंही अवघड जातं. एका दोरीला बांधलेले दोन गिर्यारोहक, असं ब्राकनं नंतर या दिवसांचं वर्णन केलं. चित्र पार अनोळखी होऊ लागलंय हे त्यांच्याही लक्षात आलं आणि मग त्यांनी एक खुबीदार उपाय काढला.

1912 मध्ये पिकासोनं वहीच्या पानाहून थोडंसंच मोठं असलेलं लंबगोल चित्र केलं. त्यात कॅफेच्या टेबलावरच्या वस्तू रंगवलेल्या आहेत. ‘JOU’ ही तीन रोमन अक्षरं आहेत. फ्रेंचमध्ये वर्तमानपत्राला जो शब्द आहे त्याची ती सुरुवात. खाली वेताच्या खुर्चीची विणलेली जाळी आहे, आणि ती इतकी हुबेहूब आहे की सलोनच्या परीक्षकांनी पाठ थोपटली असती. पण ती पिकासोनं काढलेलीच नाही. बाजारात मिळणाऱ्या मेणकापडावर कारखान्यानं छापलेली ती नक्षी आहे. तुकडा कापून त्यानं चिकटवला आणि चित्राला चौकट म्हणून खराखुरा दोरखंड गुंडाळला. त्या चित्रातला सर्वांत ‘खरा’ दिसणारा भाग यंत्रानं केलेला आहे, आणि हातानं केलेला भाग खऱ्यासारखा दिसायचा प्रयत्नच करत नाही. हुबेहूब काढणं हे चित्रकाराचं कसब मानणाऱ्यांना यापेक्षा खट्याळ उत्तर देता येणार नाही.

ब्राकनं लगेच लाकडाच्या रेषांचा छापील कागद चिकटवून चित्रं केली. त्याच्याकडे याचं बाळकडू होतं. वडील आणि आजोबा घरं रंगवण्याच्या धंद्यात होते. साध्या फळीवर कंगव्यानं रंग ओढून भारी लाकडाचा आभास आणण्याची कारागिरी तो पोरवयात शिकला होता. कोलाज हा प्रकार ‘उच्च’ कलेत आला तो असा, रंगाऱ्याच्या कंगव्यासोबत.

(पिकासोला आइन्स्टाइनच्या सापेक्षतेतून घनवाद सुचला, असं सांगणारे लेख अधूनमधून फिरत असतात. 1907 मध्ये आइन्स्टाइनचं नाव पॅरिसच्या मोंमार्त्र भागातल्या चित्रकारांच्या स्टुडिओंपर्यंत पोचलेलंच नव्हतं. जुळवाजुळव छान आहे, पण ती मागाहून केलेली आहे.)

इतके ‘वाद’ कशाला?

घनवाद, भविष्यवाद, अभिव्यक्तिवाद, दादावाद... शाळेतल्या सनावळीसारखी ही यादी पाहूनच वाचक पळतो. ती पाठ करायची गरज नाही. हे गट का निघाले एवढं कळलं तरी पुरे. सलोनचा शिक्का गेल्यावर एकटा चित्रकार गर्दीत हरवणार होता. पाच-सात जणांनी एकत्र येऊन एक नाव घेतलं, जाहीरनामा काढला, प्रदर्शन भरवलं आणि वर्तमानपत्रात भांडण लावून दिलं, की सगळ्यांचीच दखल घेतली जायची. ‘वाद’ हा विचार होता, तसाच तो जाहिरातीचा फलकही होता.

हे सर्वांत चांगलं जमलं इटलीच्या भविष्यवाद्यांना. त्यांचा म्होरक्या मारिनेत्ती हा कवी. 20 फेब्रुवारी 1909 रोजी त्यानं आपला जाहीरनामा पॅरिसच्या ‘ल फिगारो’च्या पहिल्या पानावर छापून आणला, तोही गटाचं एकही चित्र तयार नसताना. मोटार, वेग, यंत्र यांचा जयजयकार करणारा हा मजकूर युद्धाचंही गुणगान करत होता. त्यातून काही सुंदर कामं झाली. बाला या चित्रकाराचं दोरीला बांधलेलं कुत्रं बघा, पळताना त्याला वीसेक पाय फुटल्यासारखे दिसतात. पण ज्या युद्धाचं गुणगान केलं त्याच युद्धाच्या काळात बोच्चोनी हा गटातला सर्वांत गुणी कलावंत लष्करी सरावात घोड्यावरून पडून मेला. मारिनेत्ती पुढे मुसोलिनीच्या गोटात गेला. आधुनिक म्हणजे पुरोगामीच, असा समज असेल तर तो इथे सोडून द्यावा.

जर्मनीत ड्रेस्डेनला वास्तुकलेच्या चार विद्यार्थ्यांनी 1905 मध्ये आणि म्युनिकला कांडिन्स्की आणि मार्क या चित्रकारांनी 1911 मध्ये गट काढले. यांना अभिव्यक्तिवादी म्हणतात. वस्तू कशी दिसते यापेक्षा ती बघताना आत काय होतं यावर त्यांचा भर होता. म्हणून त्यांचे घोडे निळे आणि रस्त्यावरची माणसं कोनाकोनांची.

काहीच नसलेलं चित्र

वासिली कांडिन्स्की मॉस्कोत कायदा शिकला होता आणि दोर्पातच्या (आजच्या एस्टोनियातल्या तार्तूच्या) विद्यापीठात त्याला प्राध्यापकी देऊ केली होती. 1896 मध्ये एका प्रदर्शनात त्यानं मोनेचं एक चित्र पाहिलं आणि ते कशाचं आहे हे त्याला कळेना. गवताची गंजी आहे असं सूचीत वाचल्यावर कळलं. तोवर मात्र चित्रानं त्याला पकडलं होतं. विषय न ओळखताही चित्र भिडू शकतं, तर विषय हवाच कशाला? हा प्रश्न घेऊन तो तिसाव्या वर्षी नोकरीवर पाणी सोडून म्युनिकला चित्रकला शिकायला गेला. त्याचा युक्तिवाद संगीताचा होता. सूर कशाचीही नक्कल करत नाहीत, तरी ऐकणाऱ्याच्या मनात खळबळ होते. मग रंग आणि रेषांनी नक्कल करण्याची सक्ती का? जानेवारी 1911 मध्ये शोनबर्ग या संगीतकाराची मैफल ऐकून त्यानं जे चित्र केलं त्यात काळा पियानो अजून अंधुक दिसतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत असले आधारही सुटले. याला अमूर्त चित्र म्हणतात.

कांडिन्स्कीच्या आधीच, 1906 पासून, स्टॉकहोमची हिल्मा आफ क्लिंट अमूर्त चित्रं करत होती. त्यांतली काही तीन मीटरांहून उंच आहेत. तिनं ती जवळजवळ कुणाला दाखवली नाहीत आणि मृत्यूनंतरही वीस वर्षं उघडू नका असं सांगून ठेवलं. त्यामुळे कलेच्या इतिहासाच्या जुन्या पुस्तकांत तिचं नावच नाही. ‘पहिलं अमूर्त चित्र कोणाचं’ या वादात आता ती सर्वांच्या पुढे उभी आहे.

सर्वांत टोकाचा ठरला मालेविच हा रशियन साम्राज्यातला चित्रकार. डिसेंबर 1915 मध्ये पेट्रोग्राडच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) प्रदर्शनात त्यानं पांढऱ्यावर काळा चौकोन लावला. तो लावला भिंतींच्या कोपऱ्यात अगदी वर, जिथे रशियन घरात देवाची तसबीर असते. आपल्या देवघरात गणपतीच्या जागी असं काही ठेवलं तर घरात काय होईल, याचा विचार केला की त्या चौकोनातला धक्का समजतो. फोटोत तो सपाट दिसतो. प्रत्यक्षात रंगाला बारीक भेगा पडल्या आहेत आणि त्यांतून खालचे रंग डोकावतात. काळ्याखाली आधीची रंगीत चित्ररचना आहे हे क्ष-किरण तपासणीतही दिसलं आहे.

यांना नीट काढताच येत नव्हतं का?

येत होतं. पिकासोचे वडील चित्रकलेचे शिक्षक होते. 1897 मध्ये, पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यानं आजारी बाई, नाडी पाहणारा डॉक्टर आणि मूल घेतलेली जोगीण असं मोठं चित्र केलं. ते बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे आणि आपल्याकडच्या कोणत्याही कलामहाविद्यालयात पहिलं यावं इतकं ते शास्त्रशुद्ध आहे. हिल्मा आफ क्लिंटही स्टॉकहोमच्या अकादमीत रीतसर शिकली होती.

‘हे तर माझा मुलगाही काढेल’ या आक्षेपात मात्र थोडं तथ्य आहे. काळा चौकोन मूल नक्कीच काढेल. पण 1915 मध्ये तो कोपऱ्यात टांगायचं धाडस आणि त्यामागचं कारण मुलाकडे नसेल. आणि दुसऱ्यानं आज तोच चौकोन पुन्हा काढला तर त्याला काही किंमत नाही, हेही तितकंच खरं. या कलेत नव्या प्रश्नाला मान आहे. त्यामुळे जुन्याच प्रश्नाची शंभरावी नक्कल करणारी पुष्कळ भिकार अमूर्त चित्रं आज हॉटेलांच्या लॉबीत लटकताना दिसतात. ती न आवडण्यात काहीही कमीपणा नाही.

मग काहीही कला का?

हा खरा अवघड प्रश्न, आणि तो एकदा चक्क कोर्टात गेला होता.

त्याआधी 1917 ची एक खोडी सांगायला हवी. न्यूयॉर्कमध्ये एका संस्थेनं सहा डॉलर भरेल त्याचं काम लावू, परीक्षक नाहीत, अशी घोषणा केली. मार्सेल दुशाँ हा फ्रेंच कलावंत स्वतः त्या संस्थेच्या मंडळावर होता. त्यानं चिनी मातीचं एक तयार मुतारीचं भांडं आणलं, आडवं ठेवलं, त्यावर ‘आर. मट’ अशी खोटी सही केली आणि ‘कारंजं’ नाव देऊन पाठवलं. मंडळानं ते लावलं नाही. दुशाँनं राजीनामा दिला. परीक्षक नाहीत असं म्हणणाऱ्यांच्या मनातही परीक्षक बसलेला असतो, हे त्यानं सिद्ध केलं. मूळ भांडं हरवलं. आज संग्रहालयांत दिसतात त्या नंतरच्या प्रती. मला हा प्रकार शिल्प म्हणून नाही, वादातली एक अचूक चाल म्हणून आवडतो.

कोर्टाची गोष्ट रोमानियन शिल्पकार कोन्स्तान्तिन ब्रांकुशीची. 1926 मध्ये त्याचं ‘अवकाशातला पक्षी’ हे ब्राँझचं शिल्प बोटीनं न्यूयॉर्कला आलं. निमुळता, वर झेपावणारा, आरशासारखा घासलेला धातू. चोच नाही, पंख नाहीत. अमेरिकी कायद्यानुसार मूळ शिल्पांवर जकात नव्हती. कस्टमच्या अधिकाऱ्यांनी हे शिल्प मानलंच नाही. त्यांनी ते स्वयंपाकाची भांडी आणि इस्पितळाचं साहित्य या वर्गात टाकून 40 टक्के जकात लावली. किंमत 600 डॉलर, म्हणजे जकात 240. प्रकरण जकात न्यायालयात गेलं. शिल्प म्हणजे नैसर्गिक वस्तूची हुबेहूब प्रतिकृती, असा आधीचा एक निकाल सरकारच्या हाताशी होता.

साक्षीदारांच्या पिंजऱ्यात छायाचित्रकार एडवर्ड स्टायकन उभा राहिला. शिल्प त्यानंच विकत घेतलं होतं. हा रानात दिसला असता तर तुम्ही यावर गोळी झाडली असती का, असं न्यायाधीशांनी विचारलं. नाही, असं तो म्हणाला. मग पक्षी का म्हणता? यावर बाजू अशी मांडली गेली, की शिल्पकारानं पक्ष्याचं शरीर घेतलेलं नाही, त्याची झेप घेतली आहे. नोव्हेंबर 1928 मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूनं लागला. निकालात म्हटलं होतं की निसर्गाची नक्कल न करता अमूर्त कल्पना मांडणारा कलेचा एक नवा पंथ निर्माण झाला आहे. तो आपल्याला पटो न पटो, त्याचं अस्तित्व आणि कलाजगतावरचा प्रभाव कोर्टाला विचारात घ्यावाच लागेल. वस्तू सुंदर आहे, ती व्यावसायिक शिल्पकारानं घडवली आहे, तिचा दुसरा काही उपयोग नाही, एवढं पुरेसं धरलं गेलं.

म्हणजे ‘काहीही’ चालत नाही. कोणी, कशासाठी आणि कोणत्या चर्चेत भर घालून केलं, हे पाहिलं जातं. ही कसोटी हुबेहूबपणाच्या कसोटीपेक्षा निसरडी आहे आणि तिच्या आडून भोंदूगिरीही होते. पण हुबेहूबपणाच्या काळातही वाईट चित्रांचा तुटवडा नव्हता. सलोनमध्ये पदकं मिळवलेल्या बहुतेकांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत.

ही पाश्चात्त्यांची थेरं, आपल्याला काय?

गंमत अशी की आपल्याला ‘खरं चित्र’ वाटतं ते तरी आपलं कुठे आहे? तैलरंग, छायाप्रकाश, यथार्थदर्शन हे सगळं एकोणिसाव्या शतकात युरोपच्या अकादमीतूनच इथे आलं. त्याचा मोठा रस्ता 1857 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून गेला, आणि रवि वर्म्यांच्या छापील देवदेवतांनी तेच वळण घराघरांत पोचवलं. त्याआधीच्या लघुचित्रांत, पिंगुळीच्या चित्रकथीत, वारली भिंतींवर एका जागी बसून बघायचा नियम नाही. चित्रकथीत चेहरा बाजूनं आणि डोळा समोरून काढलेला असतो. पिकासो पाहून दचकणारे आपण तो मुकाट्यानं पाहत आलो आहोत.

युरोपनंही बाहेरून उचललंच. पिकासोनं ज्या मुखवट्यांपासून घेतलं ते पॅरिसच्या संग्रहालयात वसाहतींमधून आले होते. ते कोणी घडवले याची नोंद ठेवायची तसदी बहुधा कुणी घेतली नव्हती. आधुनिक कलेच्या कौतुकात हा हिशेब अजून पुरता चुकता झालेला नाही. कांडिन्स्की आणि डच चित्रकार मोंद्रियान यांच्यावर थिऑसफी या अध्यात्मवादी विचाराचा प्रभाव होता. त्या चळवळीचं मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला होतं.

आणि ब्रांकुशीचा तो पक्षी थेट मराठी संस्थानात आला. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी तीन पक्षी घेतले: एक ब्राँझचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा. त्यांच्यासाठी इंदूरला ध्यानमंदिर बांधायचा बेत होता. त्यासाठी ब्रांकुशी इंदूरला येऊनही गेला. मंदिर झालंच नाही. संगमरवरी पक्षी आता ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत.

नाझींनी 1937 मध्ये म्युनिकला या कलेची नालस्ती करणारं ‘विकृत कला’ प्रदर्शन भरवलं. ते बघायला वीस लाखांवर लोक आले. त्या राजवटीपासून दूर मुंबईत आलेल्या वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडेन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी इथल्या तरुण चित्रकारांना पुस्तकं दाखवली, त्यांची चित्रं घेतली, त्यांच्याबद्दल लिहिलं. गोव्याचे सूझा, पंढरपुरात जन्मलेले हुसेन, विदर्भातले गाडे, शिवाय रझा, आरा आणि बाकरे यांनी 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. गायतोंडे थोड्या काळानं त्यांच्यात आले. त्यांच्या सुरुवातीच्या कामावर पॉल क्लेची छाप आहे आणि क्ले म्युनिकच्या कांडिन्स्की-मार्क मंडळींपैकी.

आणि ते कोट्यवधी रुपये?

किंमत चित्राचा दर्जा सांगत नाही. ती सांगते की तसं चित्र किती कमी उरलंय आणि ते हवं असणारे किती श्रीमंत आहेत. चित्रकार गेल्यावर नवा माल येत नाही. गायतोंडे तर वर्षाला मोजकीच चित्रं करत. यापेक्षा गूढ त्यात काही नाही.

ज्यांनी ही कला घडवली त्यांचा भाव सरकारी खाक्यात कसा पडला तेही बघण्यासारखं आहे. कानवाइलर जर्मन नागरिक, म्हणून पहिल्या महायुद्धात फ्रेंच सरकारनं त्याचा सगळा साठा शत्रूची मालमत्ता ठरवून जप्त केला. पिकासो, ब्राक, ग्री, लेजे यांची शेकडो चित्रं 1921 ते 1923 या काळात चार लिलावांत बाजारात ओतली गेली. एकदम इतका माल आल्यावर भाव कोसळले. सरकारच्या वतीनं तज्ज्ञ म्हणून काम पाहत होता लेओंस रोझेंबर्ग, जो स्वतः घनवादी चित्रांचा व्यापारी होता. ब्राकच्या डोक्याला युद्धात फ्रान्ससाठी लढताना गंभीर जखम झाली होती, आणि आता तेच फ्रान्स त्याची चित्रं मातीमोल विकत होतं. पहिल्याच लिलावाच्या वेळी त्यानं रोझेंबर्गला गाठलं आणि सगळ्यांदेखत चोप दिला.